आत्या सुटली

९ फेब्रुवारी

दादा,

१. आत्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडली. गाडीवरून नाही. तिच्याकडे गाडी नाही, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

२. ती वरच्या फळीवरचं केकचं मोठं भांडं काढत होती. आधी भांडं पडलं, मग आत्या. भांड्याला पोचासुद्धा आला नाही. आत्याचं डावं मनगट मोडलं आणि डोक्याला टेंगूळ आलं.

३. डोक्याचा मार म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं. मी तुला मेसेज केला, 'आत्या पडली. डोक्याला लागलंय. ॲडमिट केलंय.' तू विचारलंस, 'सीरियस आहे का?' तेव्हा तिला तपासायला आत नेलं होतं, म्हणून मी लिहिलं, 'अजून सांगता येत नाही.' त्या वेळी ते खरं होतं.

४. तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरांनी घरी सोडलं. मी कळवलं, 'आत्या सुटली. घरी आणतेय. आता घाई करू नकोस.'

५. माझ्या फोनची बॅटरी संपली.

६. तू ऑफिसमधून उठून बस स्टँडवर गेलास आणि तिथून बोलून निरोप पाठवलास.

७. फोन चार्ज झाल्यावर तो निरोप मी स्वयंपाकघरात स्पीकरवर लावला. आत्या शेजारी खुर्चीत होती. तिने तो ऐकला. सगळा.

८. मी तुला फोन केला. तू मध्येच ठेवलास. त्यानंतर तुझ्याकडून काहीच आलेलं नाही. फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. म्हणून हे कागदावर.

आता चौथ्या मुद्द्याबद्दल. मी तो मेसेज नंतर पुन्हा वाचला. शाळा सुटते, ऑफिस सुटतं, केक भांड्यातून सुटतो, माणूस दवाखान्यातून सुटतो. वाक्यात चूक नव्हती. 'घरी आणतेय' हेही बरोबर होतं. ती टॅक्सीत माझ्या शेजारी बसून ड्रायव्हरला खड्डे दाखवत होती. 'घाई करू नकोस' हे तर मी तुझ्या काळजीने लिहिलं होतं. तिन्ही वाक्यं एकापाठोपाठ वाचली की काय होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. कारखान्यात मी पंपांची थरथर मोजते आणि कमीत कमी शब्दांत अहवाल लिहिते. ते वाचून अजून कोणी रडलेलं नाही.

तुला वाटत असेल की तुला बोलावून घ्यायला मी मुद्दाम तसं लिहिलं. तसं नाही. तुला बोलवायचंच असतं तर 'ये' लिहिलं असतं.

सातव्या मुद्द्याबद्दल. मी फोन स्पीकरवर का लावला, हे तू विचारशील. माझे दोन्ही हात खजुरात होते. घरात पाऊल टाकल्याटाकल्या आत्या म्हणाली, "हात मोडलाय माझा, ऑर्डर नाही मोडली," आणि मला कामाला लावलं. ती खुर्चीत बसून सांगत होती, मी खजूर आणि केळी कुस्करत होते. चार्जिंगला लावलेला फोन सुरू झाला आणि तुझा निरोप आल्याचं वाजलं. मी कोपराने बटण दाबलं.

तू काय बोललास ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तिने काय ऐकलं ते तुला नेमकं कळायला हवं. तू म्हणालास, 'मी निघालोय, मी येईपर्यंत थांबा.' मग नुसत्या बसगाड्यांचा आवाज. मग, 'मी तिची गाडी विकली. तिला न विचारता विकली आणि तिला पायी फिरायला लावलं.' मग केकबद्दल. आत्याच्या बिनसाखरेच्या, बिनमैद्याच्या केकला तू 'शहाणा केक' म्हणायचास, चारचौघांत हसायचास. पण ऑफिसात दर वाढदिवसाला तोच न्यायचास, विकत आणलाय म्हणून सांगायचास. हे आम्हा दोघींनाही नवीन होतं. शेवटी तू काही बोलायचा प्रयत्न केलास, पण शब्द कळत नव्हते.

आत्याने विचारलं, "कोण गेलं?"

"तू," मी म्हटलं.

"मी? कधी?"

मी तिला माझा मेसेज वाचून दाखवला. तिने फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "परत लाव." मी पुन्हा कोपराने लावला.

"रडतोय का सर्दी झालीये?"

"दोन्ही असेल."

"विकत आणलाय म्हणून सांगायचा! कुठल्या दुकानाचं नाव घ्यायचा, विचार त्याला. नको, ते नंतर. आधी सांग की मी आहे."

मी हात धुतले आणि तुला फोन केला. 'आत्या आहे,' मी म्हटलं. 'कुठे?' तू म्हणालास. 'खुर्चीत.' मग मी सांगितलं की ती बरी आहे, ओव्हनकडे लक्ष ठेवून बसलीये. तू हळू आवाजात विचारलंस, 'तिने ऐकलं?' मी म्हटलं, 'दोनदा.'

इथे आत्या हसली आणि इथेच तू फोन ठेवलास.

हे पत्र त्या हसण्यासाठी आहे. बाकी सगळं तुला आज ना उद्या कळलंच असतं. ती तुला हसली नाही. ती मला हसली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ही आमची मोजपट्टी. 'हो' म्हणून थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" तू स्टँडवरून परत फिरलास हे तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळलं. तेव्हा ती हसली नाही.

उत्तर अपेक्षित नाही. माहितीसाठी कळवलं.

तुझी बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

शिडी पोचली. तीन पायऱ्या, वर धरायला दांडा, पायांना रबर. कुरिअरवाला दारात ठेवून गेला. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं, म्हणजे पत्र तुला मिळालं आणि दुसऱ्या मुद्द्यापर्यंत तरी तू वाचलंस.

आत्याने खोकं स्वतः उघडलं. एका हाताने चिकटपट्टी निघेना, पण मला हात लावू दिला नाही. शिडी बाहेर काढून भिंतीला टेकवली आणि मग ती खोक्यात शोधायला लागली. पुठ्ठ्याच्या घड्या उलगडल्या, आतला कागद सरळ केला, शिडी जोडायची सूचनापत्रिकासुद्धा झटकून पाहिली.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही. चांगला पुठ्ठा आहे. केकच्या खाली घालायला होईल."

पुठ्ठा तिने खरंच कापून ठेवला. शिडीला तिने खालून वरून बघितलं आणि म्हणाली, "न विचारता एक वस्तू नेली, न विचारता एक आणून दिली. सुधारतोय."

तुला राग येईल म्हणून हे वाक्य गाळणार होते. पण ते बोलताना ती शिडीच्या दांड्यावरून हात फिरवत होती, हेही मग सांगता आलं नसतं.

मी शिडीवर आधी स्वतः चढले, मग पिठाची दोन पोती एका पायरीवर ठेवून पाहिली. वाकत नाही. चांगली घेतलीस.

इथली परिस्थिती अशी. आत्याचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि तोंड मोकळं आहे. सकाळी कारखान्यात जायच्या आधी मी तिचे दोन हात असते. ती सांगते तेवढं पीठ चाळते, गाजर किसते, अंडी फेटते. मी सगळं वजन करून घेते, त्याचा तिला वैताग. "गाजर काय सोनं आहे का? घाल मूठभर." मी मूठ वजनावर धरली, तर म्हणाली, "तुझी नव्हे, माझी." आता तिची मूठ मोजून ठेवली आहे. केक बरा होतो. फक्त गाजराचा एक मध्ये बसला, कारण मी ओव्हनचं दार उघडून तपमान पाहत होते. आत्या म्हणाली, "झोपलेल्याला उठवून विचारतेस, झोप लागली का?"

पोचवायचं कामही माझ्याकडे आहे. मी सायकलवर नेते. तुला आठवत असेल, आत्याची जुनी स्कूटर होती तेव्हा ती एका फेरीत सगळी घरं उरकायची. स्कूटरचा आवाज ऐकूनच बायका ताटली घेऊन खाली यायच्या. गाडी गेल्यापासून ती दोन हातांत दोन पिशव्या घेऊन चालत जायची, एका दिवशी एकच गल्ली. लांबची घरं तिने सोडून दिली. मला म्हणायची, चालणं तब्येतीला चांगलं. तुझ्याबद्दल ती एवढंच म्हणाली होती, ते तुझ्यासमोरच म्हणाली होती: "विचारलं का मला?" आणि तू म्हणालास, "विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" त्यावर तुम्ही दोघंही एकमेकांशी बोलायचे थांबलात. मग तुला लांबची नोकरी मिळाली. जिन्याखाली स्कूटरच्या जागी तेलाचा डाग आहे. तिथे ती सामान ठेवू देत नाही.

तू का विकलीस ते मला माहीत होतं. तिला गाडी चालवताना चौकात चक्कर आली होती, ते तिने तुला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. हे तिला अजून माहीत नाही आणि इथे लिहायचंही कारण नव्हतं.

सायकलवरून माझे केक एका बाजूला कलतात. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई डबा उघडून म्हणाल्या, "आज केक रागावून भिंतीकडे तोंड करून बसलाय का?" मी त्यांना रस्त्याच्या उताराबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्यालाच पाठव बाई, ती बरी होऊ दे."

सोबत डबा पाठवते आहे. खजूर, अक्रोड, गव्हाचं पीठ. गोडी फक्त खजुराची. पीठ मी कालवलं, बाकी अक्कल तिची. "त्याला म्हणावं, हा विकत आणलेला आहे," असं सांगायला तिने सांगितलं आहे.

तुझा निरोप माझ्या फोनमध्ये आहे. त्यात आत्या आहे, गाडी आहे, केक आहे. 'मी येईपर्यंत थांबा,' असं तू म्हणालास. घरात तेव्हा मी एकटीच असणार, हे तुला माहीत होतं. तरी 'थांब' नव्हतं, 'थांबा' होतं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

तुझी बहीण


२३ मार्च

दादा,

डबा परत मिळाला. धुतलेला. आत्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "घासून पाठवलाय. इथे असताना बशी उचलायचा नाही." चिठ्ठी या वेळी तिने शोधली नाही. डबा मात्र तीन-चार दिवस ओट्यावरच होता. मी आत ठेवायला गेले तर म्हणाली, "असू दे, वापरात आहे." त्यात काहीच नव्हतं.

प्लास्टर निघालं. मनगट अजून ताठ आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला मऊ चेंडू दाबायला दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि पिठाचा गोळा घेतला. बाईंना सांगितलं, "चेंडू दाबून काय मिळणार? याचा निदान पाव होतो." बाईंनी पाव खाल्ला आणि परवानगी दिली.

आता मुद्दा. आत्या दुचाकी घेणार आहे. तू ओरडशील म्हणून आधीच सांगते: तिचा रक्तदाब तपासला, डोळे तपासले, डॉक्टरांना मी स्वतः ती चक्कर सांगितली. ती त्या दिवशी उपाशी होती, केक मोजत बसली आणि जेवलीच नाही, म्हणून आली. डॉक्टरांच्या मते तिने चालवायला हरकत नाही, फक्त पोटात काहीतरी हवं. "दिवसभर केक करणाऱ्या बाईला हे सांगावं लागतं?" असं ते तिला म्हणाले. ती खाली बघून चेंडू दाबल्यासारखा पदर दाबत होती. चक्कर त्यांना कोणी सांगितली, हे तिने मला विचारलं नाही. म्हणजे तुला कोणी सांगितली होती, तेही तिला कळलं असणार. घरी येताना तिने माझ्या पिशवीत न सांगता केकचा तुकडा ठेवला होता, एवढंच.

कुठली गाडी, यावर आमचं एकमत नव्हतं. मला रोजच्या खर्चाला हलकी हवी होती. फेऱ्या लहान, थांबे पुष्कळ. अशा चालवण्यात पेट्रोलची गाडी पितेच. आत्याचं एकच म्हणणं होतं, केक हलता कामा नये. मी म्हटलं, ते मोजता येतं. कारखान्यातून परवानगी काढून मी थरथर मोजायचं छोटं यंत्र आणलं. आत्याने कस्टर्ड आणलं.

कस्टर्ड ओव्हनमध्ये भाजलेलं, दूध, अंडी आणि बेताचा मध. वाट्या झाकून एका खोक्यात ठेवल्या होत्या. शोरूममधला विक्रेता आमच्याकडे हसत आला. "या आजी, मायलेज सांगतो."

"आजी कोणाची? तुझं लग्न झालंय का?"

"नाही अजून."

"मग एवढ्यात मला आजी करू नकोस. आणि मायलेज या बाईसाहेबांना सांग. माझं कस्टर्ड हललं नाही की मला पुरे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पाय ठेवायच्या जागेवर यंत्र कुठे चिकटवायचं ते विचारलं. त्याचं हसू गेलं.

तीन गाड्या चालवल्या. मनगट अजून नवीन म्हणून चालवली मी, आत्या मागे. रस्ता तोच, वेग तोच: शोरूमसमोरचा स्पीडब्रेकर, मग फरशीची गल्ली, मग पाण्याच्या टाकीचा चढ. पहिली पेट्रोलची स्कूटर. कस्टर्डला मधोमध तडा. दुसरी बारीक चाकांची मोपेड. ती सगळ्यांत कमी पिते, पण कस्टर्ड पिण्याजोगं झालं. तिसरी विजेवरची. यंत्राने आकडे वाईट दिले आणि वाटीतही तडे होते. विक्रेता म्हणाला, "मॅडम, या गाडीची कधी तक्रार नाही." मी टायर अंगठ्याने दाबले. दगड. त्यांनी हवा भरपूर भरून ठेवली होती. सीटखाली कागदावर आकडा छापलेला असतो. तेवढी हवा ठेवून मी पुन्हा फेरी मारली. यंत्र शांत. आत्याने झाकण उघडलं. कस्टर्डवर रेघसुद्धा नव्हती.

"हं," ती म्हणाली. मला तिच्याकडून एवढंच प्रशस्तिपत्र मिळतं आणि ते पुष्कळ असतं.

उरलेल्या वाट्या तिने विक्रेत्याला दिल्या. तो म्हणाला, साखर कमी आहे. ती म्हणाली, साखर नाहीच आहे. त्याने दुसरी वाटी घेतली.

विजेच्या गाडीवर तिची एक तक्रार उरली. "हिला आवाज नाही. मी आले हे कोणाला कळणार?" मी म्हटलं, हॉर्न आहे. "हॉर्न परक्या माणसाला वाजवतात." घरी आणखी एक अडचण निघाली. ओव्हन आणि चार्जर एका वायरवर लागले की मेन स्विच पडेल. आता ठरलं आहे की सकाळी भाजायचं, दुपारी गाडी चार्ज करायची. जिन्याखाली मी नवीन प्लग बसवून घेतला. डागाच्या अगदी वर.

केक किती लागतील आणि फेरी किती लांब पडेल याचं गणित मी मांडलं आहे. लांबची घरं परत धरता येतात. आत्याने त्यांना सांगूनसुद्धा टाकलं आहे. मला न विचारता. हे तुमच्या दोघांत सारखंच आहे.

तुझी बहीण


८ एप्रिल

दादा,

हे पत्र लहान आहे.

गाडी ठरली. रंग करडा, कारण तोच लवकर मिळत होता. आत्याला मनगटाने ब्रेक नीट दाबता येतो. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत तिने स्वतः चालवली. विक्रेता आता तिला काकू म्हणतो आणि ती आली की आधी पिशवीकडे बघतो.

एक गोष्ट अडली आहे. गाडी द्यायच्या आधी त्यांना मागच्या भागाचं सांगावं लागतं. मागे एकतर दोघांची लांब सीट बसते, नाहीतर एकाची आखूड सीट आणि तिच्यामागे माल न्यायचा बॉक्स. दोन्हींना भोकं तीच आहेत, म्हणून दोन्ही बसत नाहीत.

मी म्हटलं, बॉक्स. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. बॉक्समध्ये केक सपाट राहतात, पाऊस लागत नाही, कलत नाहीत. एका फेरीत सगळी घरं होतात. सीटवर खोकं बांधून नेलं तर दोन फेऱ्या. गाडी धंद्यासाठी घेतोय. विक्रेता लिहून घ्यायला लागला.

आत्या म्हणाली, "थांब."

तिने गाडीच्या मागच्या भागावर हात ठेवला, काहीच नव्हतं तिथे, नुसती पट्टी. म्हणाली, "साहेबांना विचार."

"कुठल्या साहेबांना?" विक्रेत्याने विचारलं.

"आमच्या घरचे आहेत एक. लांब असतात."

मी म्हटलं, "आत्या, त्याला यातलं काय कळतं? त्याने फेऱ्यांचं गणित पाहिलेलं नाही."

"गणित नको विचारूस. मागे बसणार का विचार. मी चालवणार, तो मागे. शाळेत असताना मागे बसायचा आणि एक गल्ली आधी उतरायचा. आत्यामागे बसलेला दिसू नये म्हणून. मी पण आधीच थांबवायचे, त्याला सांगायला लागू नये म्हणून. आता दारापर्यंत यायची तयारी असेल तर सीट लावू."

"आणि नसेल तर?"

"तर बॉक्स. केकला लाज नसते." मग विक्रेत्याकडे वळून म्हणाली, "विकताना त्याने मला विचारलं नव्हतं. घेताना मी त्याला विचारतेय. एवढं लिहून ठेव आणि थोडं थांब."

विक्रेत्याने यातलं काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण तो थांबायला तयार झाला.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे बघत बसली होती. उतरताना म्हणाली, "तो निरोप अजून आहे का तुझ्याकडे?" मी म्हटलं, आहे. "पुसू नकोस. पण मला परत ऐकवूही नकोस. मी मेल्यावर बोलला ते बोलला. आता जिवंत माणसाशी बोलतो का बघू." मग जिना चढताना, माझ्याकडे न बघता: "शब्द चांगले होते रे त्याचे." 'रे' कोणाला होतं ते मी विचारलं नाही. जिन्यात आम्ही दोघीच होतो.

तर प्रश्न एवढाच आहे. तू घरी येणार असशील आणि तिच्यामागे बसणार असशील, तर सीट. येणार नसशील तर बॉक्स. मधला पर्याय नाही, मी विचारून घेतलं. शिडी किंवा धुतलेला डबा पाठवून या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

तुला घाबरायचं कारण नाही. तिने मला काही ठरवून ठेवायला सांगितलेलं नाही, दाराशी उभं राहून कोणी भाषण करणार नाही. तू आलास की ती बहुतेक विचारेल की ऑफिसात कुठल्या दुकानाचं नाव सांगायचास. ते मात्र तयार ठेव. मी सायकलवर मागे असेन, तुमच्या वेगाने.

माझं मत विचारलेलं नाही, तरी देते. खर्च, वेळ, केकची सुरक्षितता, सगळं बॉक्सच्या बाजूने आहे. फेऱ्या दुप्पट होतील, चार्जिंग वाढेल, माझी सकाळ जाईल. हे सगळं मी कागदावर मांडलं आहे आणि त्यात चूक नाही. मला सीट हवी आहे.

शोरूम बुधवारपर्यंत थांबेल. तुझं उत्तर मला बुधवारी, पंधरा तारखेला, मिळायला हवं.

तुझी बहीण